कॅसलरॉक रेल्वे स्थानक

कॅसलरॉक : कर्नाटक राज्याच्या उत्तर कन्नड (पूर्वीचा कारवार) जिल्ह्यातील, गोव्याच्या सरहद्दीलगतचे एक जुने रेल्वे स्थानक. ते जोयडा (पूर्वीचा सुपे) तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, लोंढा प्रस्थानकापासून सु. २४ किमी. अंतरावर आहे. लोंढा-मार्मागोवा लोहमार्गावरील घाटाचा उतार येथून सुरू होतो. १८८८ पासून १९६१ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थान व त्यानंतर भारत यांच्या बाजूचे, पोर्तुगीज गोव्यास लागून असलेले हे अखेरचे स्थानक होते. दोन सत्तांमधील जकातीची सरहद्द नाहीशी करण्याच्या उद्देशाने जो लोहमार्ग बांधण्यात आला, त्याच लोहमार्गावरील हे स्थानक पुढे त्या सरहद्दीचे सर्वांत ठळक नाके बनले. कॅसलरॉकच्या इतिहासाचे महत्त्व मुख्यतः या विसंगतीत आहे.

स्थान व भूरचना : कॅसलरॉकचा परिसर घनदाट सदाहरित अरण्याचा व अतिवृष्टीचा आहे. ‘कॅसलरॉक’ या इंग्रजी नावाचा शब्दशः अर्थ किल्ल्यासारखा खडक असा होतो. स्थानकाच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर गोव्याची हद्द लागते व तेथून लोहमार्ग करंझोळ, दूधसागर व सोनावळी ही छोटी स्थानके घेत पायथ्याच्या कुळे स्थानकापर्यंत उतरतो. सु. २६ किमी. लांबीच्या या टप्प्यास पोर्तुगालच्या तत्कालीन राजघराण्याच्या नावावरून ‘ब्रागांझा घाट’ म्हणतात. घाटातील चढाचे कमाल प्रमाण ३७ मी. अंतरास १ मी. असे असून भारतीय लोहमार्गांवरील तीव्र चढांत त्याची गणना होते. बोगदे, कमानींचे पूल व तीव्र वळणे यांनी हा टप्पा भरलेला आहे. मांडवी नदीचा सु. ३१० मी. उंचीचा दूधसागर धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो, त्या कड्याच्या मध्यावरील पुलावरून गाड्या जातात. चढाच्या दिशेने येणाऱ्या जड गाड्यांना मागून जोर देण्यासाठी जादा एंजिने (बँकर) लावावी लागतात. उतरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकची तपासणी कॅसलरॉक येथे होते. त्यामुळे गावाच्या मानाने स्थानकाचा पसारा आरंभापासूनच मोठा राहिला.

पार्श्वभूमी : लोहमार्ग होण्यापूर्वी देश व गोवा यांमधील व्यापार सह्याद्रीतील घाटवाटांनी, मुख्यतः लमाणांच्या बैलतांड्यांवरून चाले. घाटावरून धान्य, कापूस व गूळ खाली उतरे आणि किनाऱ्यावरून मीठ, नारळ, सुपारी व मासळी वर जाई. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडमधील गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तेव्हा धारवाड भागातील कापसाचे मोल एकाएकी वाढले. हा कापूस बाहेर पाठविण्यासाठी जवळच्या बंदराची निकड भासू लागली. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला, त्यामागे कारवार बंदराच्या विकासाचा विचार होता. कारवार ते हुबळी लोहमार्गाची योजना त्या काळात वारंवार चर्चिली गेली.

१८७६–७८ च्या भीषण दुष्काळात विजापूर, धारवाड व बेल्लारी या भागांत वाहतुकीच्या साधनांअभावी धान्य वेळेवर पोहोचू शकले नाही. दुष्काळ आयोगाने (१८८०) अशा प्रदेशांत लोहमार्ग बांधण्यावर भर दिला. याच धोरणातून सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ मध्ये स्थापन झाली व दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक यांत मीटरमापी लोहमार्गांचे जाळे विणले जाऊ लागले. या जाळ्यास समुद्राकडे एक तोंड हवे होते. कारवार आणि मार्मागोवा अशी दोन बंदरे त्यासाठी समोर होती. दोन्ही नैसर्गिक दृष्ट्या सोयीची असली, तरी मार्मागोवा परसत्तेच्या ताब्यात होते. निवड अखेर मार्मागोव्याची झाली आणि कारवारची योजना मागे पडली, याचे कारण एका आंतरराष्ट्रीय करारात सापडते.

१८७८ चा करार : २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे ब्रिटन व पोर्तुगाल यांच्यात व्यापारविषयक करार झाला. ब्रिटनतर्फे तेथील ब्रिटिश वकील रॉबर्ट मोरिअर व पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री जुआंव द आंद्राद कोर्वु यांनी त्यासंबंधीच्या वाटाघाटी केल्या. करार जानेवारी १८८० मध्ये बारा वर्षांच्या मुदतीने अंमलात आला. त्याची मुख्य कलमे अशी होती : ब्रिटिश हिंदुस्थान व पोर्तुगीज प्रदेश यांमधील जकातनाकी उठवून दोहोंचा मिळून एक जकातसंघ करावा, गोव्यातील मीठ-उत्पादनावर ब्रिटिश सरकारचे नियंत्रण असावे, मद्यावरील अबकारी कराची पद्धती ब्रिटिश हिंदुस्थानातील पद्धतीशी जुळती करावी, आणि मार्मागोवा बंदर ब्रिटिश हद्दीतील लोहमार्गांशी जोडावे. या मोबदल्यात ब्रिटिशांनी गोव्याच्या सरकारास दरसाल चार लाख रुपये द्यावयाचे होते.

दोन्ही पक्षांचे हेतू भिन्न होते. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर भारी कर होता. गोव्यातील स्वस्त मीठ घाटवाटांनी चोरून वर येई आणि त्यामुळे ब्रिटिश महसूल बुडे. हा चोरटा व्यापार मुळातच बंद करणे ब्रिटिशांना हवे होते. पोर्तुगीजांना गोव्याची खालावलेली आर्थिक स्थिती बंदर व लोहमार्ग यांच्या द्वारे सुधारण्याची आशा होती. या कराराची झळ सामान्य गोवेकरास लागली. मिठागरांवर निर्बंध आले, मीठ महागले आणि माडाच्या रसापासून मद्य काढणाऱ्या भंडारी वर्गास नव्या अबकारीचा भार सोसावा लागला. उपजीविकेसाठी मुंबई, पुणे, बेळगाव व हुबळी-धारवाडकडे जाणाऱ्या गोवेकरांची संख्या या काळात वाढली. त्यांच्यासाठी नवा लोहमार्ग हा घर सोडण्याचा मार्गही ठरला.

लोहमार्गाची उभारणी : बंदर व लोहमार्ग यांचे काम ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे’ या लंडनमधील कंपनीकडे देण्यात आले. १८८१ मध्ये पोर्तुगीज सरकारशी तिचा करार झाला. नावातील ‘गॅरंटीड’ या शब्दाप्रमाणे भागधारकांच्या भांडवलावरील ठराविक व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने घेतली होती. लोहमार्गाचे उत्पन्न कमी पडल्यास ती तूट सरकारने भरून द्यावयाची होती. मार्मागोव्यापासून ब्रिटिश सरहद्दीपर्यंत सु. ८२ किमी. लांबीचा लोहमार्ग व बंदराचा धक्का ही दोन्ही कामे एकाच कंपनीने एकाच वेळी हाती घेतली.

सपाटीवरील काम तुलनेने लवकर पुरे झाले आणि १८८७ मध्ये मार्मागोव्यापासून सावर्ड्यापर्यंत वाहतूक सुरू झाली. घाटातील काम मात्र अत्यंत कष्टाचे होते. मुसळधार पाऊस, दरडी कोसळणे, हिवताप आणि सामान पोहोचविण्यास रस्ते नसणे अशा अडचणींत मजुरांनी कडे फोडून बोगदे खोदले. १८८८ च्या आरंभी लोहमार्ग सरहद्दीपर्यंत पोहोचून कॅसलरॉक येथे सदर्न मराठा रेल्वेस जोडला गेला. लोंढ्यामार्गे पुणे व हुबळी, आणि हुबळीहून गदग व बेल्लारी यांच्याशी मार्मागोव्याचा लोहमार्गाने संबंध आला.

या जोडणीतील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस रुळांमधील अंतर एकच, म्हणजे एक मीटर ठेवण्यात आले होते. परदेशांच्या सीमांवर मापे भिन्न असल्यामुळे माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढविण्याची जी अडचण अनेक ठिकाणी दिसते, ती येथे नव्हती. हुबळीस भरलेला डबा थेट मार्मागोव्याच्या धक्क्यापर्यंत जाऊ शकत होता. तांत्रिक दृष्ट्या कॅसलरॉक हे केवळ घाटमाथ्यावरचे, एंजिने जोडण्याचे व पाणी घेण्याचे स्थानक होते. तेथे गाडी अडवून धरण्याचे पुढे जे कारण निर्माण झाले, ते सर्वस्वी राजकीय होते.

जकातसंघाचा शेवट : लोहमार्ग पूर्ण झाला तेव्हा १८७८ च्या कराराची जेमतेम चार वर्षे उरली होती. जानेवारी १८९२ मध्ये कराराची मुदत संपली व त्याचे नूतनीकरण झाले नाही. जकातसंघ मोडला, वार्षिक चार लाखांची रक्कम बंद झाली आणि सरहद्दीवर जकातनाकी पुन्हा उभी राहिली. ब्रिटिश बाजूचे नाके कॅसलरॉक येथे व पोर्तुगीज बाजूचे कुळे येथे होते. घाटाच्या वरच्या व खालच्या टोकाला अशी दोनदा तपासणी होऊ लागली.

याचा सर्वाधिक फटका गोव्याच्या तिजोरीस बसला. व्यापारवृद्धीची जी अपेक्षा लोहमार्गाशी निगडित होती ती जकातसंघावर अवलंबून होती. व्याजाची हमी मात्र तशी नव्हती व ती करारानंतरही चालू राहिली. मुंबई बंदराकडे माल ओढून घेणाऱ्या ब्रिटिश लोहमार्गांची स्पर्धाही होतीच. धारवाडच्या कापसाचा जो ओघ मार्मागोव्याकडे वळेल असे गृहीत धरले होते, तो मोठ्या अंशी मुंबईकडेच राहिला. १९०२ मध्ये पोर्तुगीज हद्दीतील लोहमार्ग चालविण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे सोपविण्यात आले. १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेत मिळून ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’ झाली. अशा रीतीने सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस एकच कंपनी गाड्या चालवीत होती. सरहद्द उरली होती ती प्रवाशांच्या गाठोड्यांपुरती व मालाच्या दाखल्यांपुरती.

प्रवासी वाहतूक : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईहून गोव्यास जाण्याचे दोन मुख्य मार्ग होते : एक आगबोटीचा व दुसरा पुणे-मिरज-लोंढा-कॅसलरॉक असा लोहमार्गाचा. पावसाळ्यात आगबोटी बंद असत, तेव्हा हा लोहमार्ग गोव्यास बाह्य जगाशी जोडणारा प्रमुख दुवा ठरे. गणेशोत्सव, नाताळ, जत्रा व लग्नसराई या प्रसंगी गावी जाणारे गोवेकर, देवदर्शनास निघालेली कुटुंबे, खलाशी आणि व्यापारी हे या मार्गाचे नेहमीचे प्रवासी होते. एकच भाषा बोलणाऱ्या, नात्यागोत्याने बांधलेल्या व एकाच कुलदैवतास जाणाऱ्या माणसांना आपल्याच गावी जाताना वाटेत दोनदा पेट्या उघडून दाखवाव्या लागत. परकी सत्ता म्हणजे काय, याचा प्रत्यक्ष अनुभव अनेक गोवेकरांना प्रथम या तपासणीतून आला असावा.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिल्याने या लोहमार्गास वेगळे महत्त्व आले. युद्धमान ब्रिटिश हिंदुस्थानातील लोहमार्गाचे एक टोक तटस्थ बंदरात होते व त्या बंदरात शत्रुराष्ट्रांची व्यापारी जहाजे आश्रयास होती. मार्च १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या गुप्त मोहिमेत ‘एहरेनफेल्स’ हे जर्मन जहाज तेथे बुडाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपान व अमेरिका यांच्यातील नागरी स्थानबद्धांची अदलाबदल मार्मागोव्यातच झाली.

गोवा मुक्तिसंग्राम : १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे सभाबंदी मोडून नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीस चालना दिली. त्यांना पकडून गोव्याबाहेर घालविण्यात आले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला ते पुन्हा गोव्यात निघाले, तेव्हा घाट उतरल्यावर कुळे स्थानकावरच त्यांना अटक झाली व आग्वादच्या किल्ल्यात ठेवून ऑक्टोबरमध्ये सोडण्यात आले. जकातीसाठी उभारलेले नाके आता माणसे व विचार अडविण्यासाठी वापरले जात होते.

१९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला. परंतु कॅसलरॉकच्या पलीकडे पोर्तुगीज सत्ता कायम राहिली. १९५१ मध्ये मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे नव्या दक्षिण रेल्वे विभागात समाविष्ट झाली. १९५४ पासून भारत सरकारने गोव्यावर आर्थिक निर्बंध घातले व ते क्रमाने कडक केले. त्याच सुमारास पुण्यात स्थापन झालेल्या गोवा विमोचन सहायक समितीने सत्याग्रहाचे नेतृत्व केले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या सर्व भागांतून आलेल्या हजारो निःशस्त्र सत्याग्रह्यांनी निरनिराळ्या ठिकाणांहून गोव्याच्या हद्दीत प्रवेश केला. त्या वेळी मुंबई राज्यात असलेले कॅसलरॉक हे यांपैकी एक ठिकाण होते. येथून लोहमार्गाच्या कडेने बोगद्यातून पुढे गेलेल्या तुकडीवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. त्या दिवशी सर्व सरहद्दीवर मिळून वीसपेक्षा अधिक सत्याग्रही मृत्युमुखी पडले व अनेक जखमी झाले.

या घटनेनंतर भारताने पोर्तुगालशी असलेले संबंध तोडले आणि १९५५ मध्येच कॅसलरॉकमार्गे होणारी रेल्वे वाहतूक थांबली. सदुसष्ट वर्षे अखंड चाललेला मार्ग बंद पडून कॅसलरॉक हे लोंढ्याकडून येणाऱ्या फाट्याचे शेवटचे स्थानक उरले. घाटाखाली मार्मागोव्याकडील टप्पा बहुतांशी गोव्यांतर्गत वाहतुकीपुरता राहिला. मुंबई-पुण्याकडील कुटुंबे व गोव्यातील त्यांचे आप्त यांची या काळात झालेली ताटातूट हा आर्थिक कोंडीचा एक कमी नोंदला गेलेला परिणाम होय. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत कारवार जिल्हा म्हैसूर राज्यात गेला व कॅसलरॉकचा मुंबई राज्याशी असलेला प्रशासकीय संबंध संपला.

मुक्तीनंतरचा काळ : १८ व १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने ‘ऑपरेशन विजय’ या मोहिमेद्वारे गोवा मुक्त केला. १९६२ मध्ये गोव्यातील लोहमार्ग दक्षिण रेल्वेकडे आला आणि घाटातील वाहतूक पुन्हा सुरू झाली. सत्तर वर्षांपूर्वी मोडलेली जकातविरहित जोडणी आता करारावाचून, एका राष्ट्राच्या अंतर्गत वाहतुकीच्या रूपाने प्रत्यक्षात आली. ऑक्टोबर १९६६ मध्ये हुबळी विभाग नव्या दक्षिण मध्य रेल्वेत व २००३ मध्ये नैर्ऋत्य रेल्वेत समाविष्ट झाला. कॅसलरॉक या विभागातच आहे.

मुक्तीनंतर या मार्गावरील मालवाहतुकीचे स्वरूप बदलले. कापसाऐवजी होस्पेट-बेल्लारी भागातील लोहखनिज निर्यातीसाठी घाट उतरू लागले. पुढे उलट दिशेने, मार्मागोवा बंदरात आयात केलेला दगडी कोळसा कर्नाटकातील पोलाद कारखान्यांसाठी घाट चढू लागला. १९९० नंतरच्या दशकात मीटरमापी मार्गाचे रुंदमापी मार्गात रूपांतर झाले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यावर मुंबईकडील प्रवासी रोहा-मडगाव मार्गे जाऊ लागले आणि मुंबई-गोवा प्रवासातील कॅसलरॉकचे जुने स्थान संपुष्टात आले. पुणे, बेळगाव व हुबळीकडून येणाऱ्या गाड्यांसाठी मात्र हाच मार्ग राहिला.

दुहेरीकरणाचा वाद : कोळशाच्या वाढत्या वाहतुकीसाठी होस्पेट ते वास्को द गामा या मार्गाच्या दुहेरीकरणाची योजना आखण्यात आली. घाटाचा टप्पा गोव्याच्या बाजूस भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान आणि कर्नाटकच्या बाजूस काळी व्याघ्रप्रकल्प यांच्या अरण्यातून जातो. दुसऱ्या मार्गासाठी होणारी वृक्षतोड व गोव्यातील गावांतून होणारी कोळशाची ने-आण यांस गोव्यात मोठा विरोध झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर येथे नागरिक रात्री रुळांवर बसले होते. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे या टप्प्याच्या दुहेरीकरणास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. नव्याने प्रस्ताव करण्याची मुभा मात्र ठेवली.

मूल्यमापन : कॅसलरॉकचा इतिहास लोहमार्ग व राजकीय सरहद्द यांच्या परस्परसंबंधांचे एक बोलके उदाहरण आहे. लोहमार्ग दोन प्रदेशांना जोडतो ही समजूत सर्वसाधारणपणे खरी असली, तरी ती जोडणी टिकणे अभियांत्रिकीवर अवलंबून नसते. येथे रूळ, माप व बहुतेक काळ व्यवस्थापनही एकच होते. तरी १८९२ मध्ये एका कराराची मुदत संपताच जकातनाके उभे राहिले आणि १९५५ मध्ये वाहतूकच थांबली. दुसरे असे, की हा लोहमार्ग बांधताना, त्यावर निर्बंध घालताना वा तो खुला करताना ज्यांच्यावर परिणाम व्हायचा त्या गोव्याच्या व घाटमाथ्याच्या रहिवाशांचा विचार लिस्बन वा लंडन येथे क्वचितच घेतला गेला. मिठागरांपासून दुहेरीकरणापर्यंत या मार्गासंबंधी उद्भवलेल्या वादांच्या मुळाशी हा एक समान धागा दिसतो. सरहद्द उठून साठ वर्षांहून अधिक काळ लोटला असला, तरी या घाटातून कोणता माल, कोणाच्या लाभासाठी व कोणाच्या खर्चाने जावा, हा १८७८ च्या कराराने उपस्थित केलेला प्रश्न अद्याप मिटलेला नाही.